ग्रेहाऊंड अचानक का किंचाळतो?

रात्रीचे दोन वाजलेले. कुर्ल्याच्या नेहरूनगरातले एखादे वन रूम किचन. हॉलमध्ये गोधडीवर लांबलचक पाय पसरून ग्रेहाऊंड झोपला आहे. चार-सहा महिन्यांपूर्वीच दत्तक आणलेला. तो कूस बदलतो आणि एकदम किंचाळतो. साधे केकाटणे नव्हे, शेजारच्या दोन घरांचे दिवे लागावेत अशी किंकाळी. घरातले धावत येतात. कुत्रा उभा आहे, मान खाली, शेपटी पायांत, अंग थरथरते आहे. पाय चाचपून पाहिले तर काही नाही. पोट मऊ. पाच मिनिटांनी तो पुन्हा आडवा होतो, आणि सकाळी जणू काही घडलेच नाही अशा थाटात नाश्त्याच्या भांड्यासमोर उभा राहतो. चार दिवसांनी जिना उतरताना तीच किंकाळी. डॉक्टरांकडे नेले तर टेबलावर तो पुतळ्यासारखा उभा. दाबले, वाकवले, हूं की चूं नाही. एक्स-रे स्वच्छ. रक्ताच्या रिपोर्टमध्ये मात्र दोन-तीन आकड्यांपुढे तांबडी खूण.

असा प्रसंग सांगणारे पालक पशुवैद्यांना नवे नाहीत. ग्रेहाऊंडच्या बाबतीत ते विशेष गोंधळतात, कारण या जातीचे शरीर इतर कुत्र्यांपेक्षा बऱ्याच बाबतींत निराळे आहे. त्याचे दुखणे निराळे दिसते, आणि त्याचे रक्तही निराळे बोलते. या दोन्ही गोष्टी ठाऊक नसल्या की दोन चुका होतात. नसलेल्या रोगावर महिनोन् महिने औषध चालते, नाहीतर असलेला रोग ‘नाटक करतोय’ म्हणून मागे पडतो. दुसरी चूक कधीकधी जिवावर बेतते.

शर्यतीतून घरात

मुंबईत ग्रेहाऊंड तसा दुर्मीळ. पंजाबच्या ग्रामीण भागात त्यांच्या शर्यती होतात. पळण्याच्या कामाचे न उरलेले काही कुत्रे प्राणिमित्रांच्या हातून शहरांतल्या घरांत पोहोचतात. आपल्याकडे त्याचे भाऊबंद मात्र जुने. लातूर-सोलापूरकडचा कारवान, आणि त्यातला कान-शेपटीला लांब केस असलेला पश्मी. सीमेपलीकडच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास हाती घेतली आणि त्यांची एक जोडी इंग्लंडच्या राजालाही भेट दिली. २००५ मध्ये मुधोळ टपाल तिकिटावर आला, २०१६ मध्ये लष्करानेही त्याला प्रशिक्षणासाठी घेतले. हे सगळे वासापेक्षा नजरेवर शिकार हेरणारे कुत्रे. छाती खोल, कंबर बारीक, पाय लांब, कातडी पातळ आणि अंगावर चरबी जवळपास नाहीच.

ग्रेहाऊंड ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने पळतो. त्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग निव्वळ स्नायूंचा असतो. इतर कुत्र्यांत हे प्रमाण त्याहून बरेच कमी. असा देह दोनशे-चारशे मीटरच्या धावेसाठी घडलेला आहे. सिमेंटचा जिना, गुळगुळीत लादी आणि दिवसातून दोनदा गल्लीतली फेरी हे त्याला नवे. त्यात दत्तक कुत्र्याचा पूर्वेतिहास बहुधा कोणाला माहीत नसतो. शर्यतीचा मार्ग गोल असतो आणि कुत्रे त्यावर घड्याळाच्या उलट दिशेने पळतात. त्यामुळे वळणावर सगळा भार मागच्या उजव्या पायाच्या घोट्यावर येतो, आणि तिथलेच एक छोटे हाड मोडणे ही शर्यतीच्या ग्रेहाऊंडची ठरलेली दुखापत आहे. वर्षांपूर्वी मोडून कसेबसे जुळलेले ते हाड पावसाळ्यात, जिन्यावर, थंड लादीवर पुन्हा बोलू लागते.

किंकाळी आणि मौन

ग्रेहाऊंडच्या किंकाळीवरून दुखण्याची खोली मोजता येत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे. पातळ कातडीचा हा कुत्रा नख जरा खोल कापले गेले, पायाला काटा लागला तरी आकाश डोक्यावर घेतो. उलट हाडाला भेग पडलेली असताना तो नुसता जोरजोरात धापा टाकत, ओठ चाटत, एका कोपऱ्यात बसून राहू शकतो. परक्या जागी, म्हणजे दवाखान्यात, भीतीपोटी शरीर ताठ धरतो आणि वेदना लपवतो. म्हणून ‘टेबलावर तर काहीच दुखले नाही’ याचा अर्थ ‘काही दुखत नाही’ असा होत नाही.

प्रत्येक किंकाळी वेदनेचीच असते असेही नाही. काही ग्रेहाऊंड डोळे अर्धे उघडे ठेवून झोपतात. घरच्यांना वाटते जागा आहे, कोणी प्रेमाने पाठीवर हात ठेवते आणि तो दचकून ओरडतो, क्वचित दातही लावतो. शर्यतीच्या तळावर वाढलेल्या कुत्र्याला झोपेत कोणी हात लावलेला नसतो. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे कुत्र्याला ओलांडूनच मोरीकडे जावे लागते, तिथे हे वरचेवर घडणार. उपाय सोपा आहे: झोपायची जागा वाटेतून बाजूला, आणि आधी नावाने हाक, मग हात. पण झोपेत कोणी न शिवताही तो किंचाळत असेल, तर दचकण्यावर बोट ठेवून मोकळे होता येणार नाही.

पालकांना आणखी एक शंका येते ती फिटची. फिट आलेल्या कुत्र्याची शुद्ध हरपते, तो आडवा पडून पाय मारतो, लघवी होऊन जाते, आणि नंतर काही वेळ त्याला घरचेही ओळखू येत नाहीत. वेदनेने ओरडणारा कुत्रा पूर्ण भानावर असतो. हाक मारली तर पाहतो, पण मान न वळवता, नुसते डोळे फिरवून.

ही न वळणारी मान महत्त्वाची.

मानेतली गादी

अचानक येणाऱ्या, मग गायब होणाऱ्या, आणि एक्स-रेत न दिसणाऱ्या वेदनेमागे अनेकदा मान किंवा कंबर असते. दोन मणक्यांमध्ये जी गादी असते तिचा आतला मऊ भाग वयाबरोबर कोरडा होतो, कडक होतो आणि कधीतरी मागे सरकून मज्जातंतूच्या मुळावर टेकतो. माणसाला ‘गादी सरकली’ म्हणतात तेच. मानेच्या भागात मज्जारज्जूभोवती जागा तुलनेने सैल असते. त्यामुळे तिथे गादी सरकली तरी पाय लगेच लुळे पडत नाहीत. चालणे ठीक दिसते, वेदना मात्र भयंकर. तंतूचे मूळ चिमटले जाते तेव्हाच ती उसळते, आणि मान जरा वेगळ्या कोनात गेली की ओसरते. रात्री कूस बदलताना किंकाळी आणि सकाळी सर्व ठीक, या कोड्याचे उत्तर बऱ्याचदा इथे सापडते.

घरात काही खुणा दिसतात. कुत्रा नाक जमिनीकडे ठेवून चालतो. मागून हाक मारली तर मान न वळवता सगळे अंग वळवतो. जमिनीवरच्या भांड्यातले खाणे टाळतो, पण तोच घास हातावर, तोंडाच्या उंचीवर धरला तर खातो. म्हणजे भूक आहे, वाकणे नको आहे. कधी पुढचा एक पाय उचलून धरतो आणि घरचे पायातच काटा शोधत बसतात. मानेवरचे स्नायू उडताना दिसतात.

साध्या एक्स-रेत हाडे दिसतात, गादी आणि मज्जातंतू दिसत नाहीत. त्यासाठी एमआरआय लागतो, आणि कुत्र्याचा एमआरआय म्हणजे भूल आली, खर्च आला. त्यामुळे पाय नीट चालत असतील तर अनेक पशुवैद्य आधी चार ते सहा आठवड्यांची सक्त विश्रांती आणि वेदनाशामक देऊन पाहतात. सक्त म्हणजे सक्त: सोफ्यावर उडी नाही, जिना नाही, लघवीपुरतेच बाहेर. कुर्ल्याच्या लहान घरांना आयुष्यात एकदा तरी लहान असल्याचा फायदा इथे होतो. बंगल्यातल्या कुत्र्याला बसवून ठेवणे जास्त कठीण. गळ्यातला पट्टा मात्र काढून टाकायचा आणि छातीला बसणारा हार्नेस घालायचा. मानेची गादी सरकलेल्या कुत्र्याला गळपट्ट्याने ओढणे म्हणजे दुखऱ्या जागेवरच हिसका. पाय अडखळू लागले, पंजे उलटे टेकू लागले, लघवी अडली, तर मात्र सहा आठवड्यांची वाट पाहायची नसते. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

कंबरेचे दुखणे याच घराण्यातले. कंबरेचा शेवटचा, सातवा मणका आणि त्रिकास्थी यांच्या सांध्यात जागा अरुंद होते आणि मागच्या पायांकडे, शेपटीकडे जाणारे तंतू दाबले जातात. मोठ्या, पळणाऱ्या जातींत हे आढळते. असा कुत्रा बसल्याचा उठताना ओरडतो, रिक्षात चढायला नकार देतो, शेपटी वर उचललेली त्याला खपत नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी कुत्रा जिना चढताना आणि उतरताना कोणत्या पायरीला थांबतो हे पाहावे. चढताना जोर मागच्या पायांवर पडतो, उतरताना पुढच्या पायांवर आणि मानेवर. डॉक्टरांना एवढ्यावरूनही बरेच कळते.

पायातले कुरूप

दुखणे मणक्यात शोधता शोधता कधीकधी तळपायात निघते. ग्रेहाऊंडच्या पायाच्या गादीत माणसासारखे कुरूप होते, आणि इतर जातींत ते क्वचितच दिसते. बहुधा पुढच्या पायाच्या मधल्या दोन बोटांवर, गादीत रुतलेली एक कडक, गोल, फिकट खुंटी. त्याचे कारण म्हणून कोणी चामखीळ करणाऱ्या विषाणूकडे बोट दाखवते, कोणी आत राहिलेल्या खड्याकडे, कोणी या जातीच्या लांब, कमी चरबीच्या बोटांवर पडणाऱ्या दाबाकडे.

ओळखण्याची खूण कुत्रा स्वतःच देतो. डांबरी रस्त्यावर, फरसबंदीवर, खडीवर लंगडतो आणि मैदानात, मातीत, गवतावर गेला की लंगडणे गायब. सिमेंटच्या रस्त्यावरून दगडाच्या कडेवर पाय पडला की किंचाळतो. घरच्यांना वाटते हा मैदानात जायला नाटक करतो. कुर्ला पश्चिमेत एल.बी.एस. मार्गाच्या पदपथावर मऊ जमीन शोधूनही सापडणार नाही, तेव्हा हे नाटक रोजच होणार. पाय ओला करून, उजेडात, प्रत्येक गादी अंगठ्याने दाबून पाहिली तर कुरूप दिसते. वरून दाबण्यापेक्षा बाजूंनी चिमटीत धरले तर जास्त दुखते.

पशुवैद्य ते कोरून काढतात, पण ते बहुधा परत येते. अलीकडे त्या बोटाला वाकवणारी शीर, म्हणजे स्नायूचा कंडरा, कापून बोटावरचा दाब कमी करण्याची छोटी शस्त्रक्रिया ब्रिटनमधल्या पशुवैद्यांनी रुळवली आहे आणि तिचे परिणाम चांगले आहेत. तोवर पायात मऊ तळव्याचे बूट आणि उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या रस्त्यावर न नेणे, एवढे तरी करता येते. कुरुपांच्या नावावर गेलेले कित्येक महिने, मणक्याच्या गोळ्यांवर गेलेले कित्येक हजार रुपये, हे सारे तळपाय उलटून न पाहिल्याची किंमत असते.

स्नायूंचे गोळे येणे हा आणखी एक प्रकार. बरेच दिवस घरात बसलेला ग्रेहाऊंड एकदम मैदानात सुटला, उन्हात चार चकरा जिवाच्या आकांताने पळाला, की मांड्या-पाठीचे स्नायू दगडासारखे होतात, तो ओरडतो, एक पाऊल टाकत नाही. बहुतेक वेळा सावली, पाणी, हळू चोळणे यांनी तासाभरात उतरते. पण नंतर लघवी चहासारखी तांबूस झाली तर स्नायू फुटून त्यातले रंगद्रव्य मूत्रपिंडात चालले आहे, असे समजायचे आणि थेट दवाखाना गाठायचा. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडणे हेही असेच. कुत्रा अस्वस्थ, ओकारीचे उमाळे येतात पण काहीच पडत नाही, पोट ढोलासारखे. तिथे हातात असतात ते तास, दिवस नव्हेत.

मिठीकाठचे आजार

मुंबईत, त्यातही मिठीकाठी राहणाऱ्यांनी दोन संसर्ग ध्यानात ठेवावेत. क्रांतीनगरातल्या लोकांना जोराच्या पावसात घरे सोडावी लागतात हे दरवर्षीचे; २६ जुलै २००५ कोणी विसरलेले नाही. अशा पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा हा जंतू मिसळतो. साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्या माणसांनी प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात असे पालिका सांगते. कुत्र्यालाही हा रोग होतो, आणि सुरुवातीला त्याचे रूप स्नायूंच्या दुखण्याचेच असते: ताप, अंगाला हात लावू न देणे, ताठर चाल, पाठ वाकवून उभे राहणे. मग ओकाऱ्या, कावीळ, मूत्रपिंड. जूनमध्ये अंग दुखू लागलेल्या ग्रेहाऊंडला ‘गादी सरकली’ म्हणून नुसता झोपवून ठेवला तर हे हातचे जाते. लेप्टोची लस दरवर्षी द्यावी लागते. हा आजार कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होऊ शकतो, म्हणून लादी पुसताना हातमोजे हवेत.

दुसरा म्हणजे गोचीडताप. तपकिरी गोचीड जुन्या इमारतींच्या भिंतींच्या भेगांत, दाराच्या चौकटीत राहते; कुत्र्याचे अंग साफ केले तरी घर साफ होत नाही. तिच्यामुळे होणाऱ्या अर्लिकियोसिसमध्ये ताप आणि रक्तस्राव यांच्याबरोबर सांधे सुजतात. आज पुढचा पाय दुखतो, परवा मागचा. घरच्यांना पाय बदलून लंगडणारा कुत्रा खोटारडा वाटतो. डॉक्सिसायक्लिनचा चार आठवड्यांचा कोर्स पूर्ण केला तर बहुतेक कुत्रे सुधारतात. आठवडाभरात बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवणारे बरेच, आणि मग त्याच कुत्र्याला दोन महिन्यांनी परत आणणारेही तेच.

फसवे रिपोर्ट

अर्लिकियोसिसची नेहमीची खूण म्हणजे प्लेटलेट्स कमी होणे. आणि इथेच ग्रेहाऊंड डॉक्टरांना चकवतो.

बहुतेक कुत्र्यांत रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये प्लेटलेट्स दीड-दोन लाखांच्या खाली गेल्या की रिपोर्टवर तांबडी खूण पडते. निरोगी ग्रेहाऊंडमध्ये त्या एक लाखाच्या आसपासही असू शकतात. तांबड्या पेशींचा हिस्सा मात्र उलटा: इतर कुत्र्यांत रक्ताचा साधारण ३७ ते ५५ टक्के भाग तांबड्या पेशींचा, तर ग्रेहाऊंडमध्ये ५० ते ६५. पळताना प्राणवायू पोहोचवण्यासाठी दाट रक्त. यातून होते असे की निरोगी ग्रेहाऊंडचा रिपोर्ट आजारी दिसतो आणि आजारी ग्रेहाऊंडचा निरोगी. तांबड्या पेशी ४० टक्के आल्या तर छापील पट्ट्यात त्या बसतात, कोणी वळून बघत नाही. पण ग्रेहाऊंडसाठी तो पंडुरोग आहे, कुठेतरी रक्त जाते आहे. याउलट प्लेटलेट्स सव्वा लाख आल्या की गोचीडतापाच्या गोळ्या सुरू होतात, आणि मानेतली गादी तशीच दुखत राहते.

थायरॉइडचेही तसेच. ग्रेहाऊंडच्या रक्तात टी-४ हे संप्रेरक इतर कुत्र्यांच्या मानाने बरेच कमी असते, कधी निम्म्यावर. सुस्त, केस गळालेल्या मांड्या आणि रिपोर्टवर कमी टी-४ असे तिन्ही एकत्र आले की आयुष्यभराच्या थायरॉइडच्या गोळ्या लागायला वेळ लागत नाही. पण टक्कल पडलेल्या मांड्या या जातीला शोभतात, सुस्ती तर तिचा स्वभावच. मूत्रपिंडाची तपासणी सांगणारे क्रिएटिनिनही स्नायू जास्त असल्याने जरा वर असते. सलुकीसारख्या नात्यातल्या जातींतही यातले काही फरक दिसतात, त्यामुळे कारवान किंवा मुधोळच्या पालकांनीही रिपोर्ट घेताना पशुवैद्याला जात स्पष्ट सांगावी. प्रयोगशाळेच्या कागदावर नुसते ‘कुत्रा, नर, वय पाच’ एवढेच असते. प्लेटलेट्स कमी आल्याच तर त्या गुठळ्या होऊन मोजल्या गेल्या नाहीत ना हे काचेवर पाहून घ्यावे, आणि जंतूची स्वतंत्र तपासणी करावी.

या दाट रक्ताचा एक चांगला उपयोगही आहे. अनेक ग्रेहाऊंडचे रक्त बहुतेक कुत्र्यांना चालते, म्हणून परदेशात निवृत्त ग्रेहाऊंड रक्तदाते म्हणून ठेवले जातात.

शस्त्रक्रियेच्या आधीही जात सांगणे तितकेच महत्त्वाचे. यकृतातले एक विशिष्ट विकर कमी असल्याने आणि अंगात चरबी नसल्याने थायोपेंटोनसारखे जुने भुलीचे औषध ग्रेहाऊंडच्या अंगात रेंगाळते, कुत्रा तासनतास शुद्धीवर येत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर: शस्त्रक्रिया सुरळीत होते, कुत्रा घरी येतो, आणि एक-दोन दिवसांनी जखमेभोवती निळेकाळे पसरू लागते. रक्त गोठते, पण झालेली गुठळी लवकर विरघळते. हे रोखणारी औषधे आहेत, ती आधीपासून द्यायची असतात.

ज्याची भीती असते

सहा-सात वर्षांपुढच्या ग्रेहाऊंडच्या पायात दुखू लागले की प्रत्येक जाणत्या पशुवैद्याच्या मनात एक नाव येते, ऑस्टिओसार्कोमा, हाडाचा कर्करोग. मोठ्या जातींत तो होतोच. शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाऊंडमध्ये त्याचे प्रमाण फार मोठे आहे. तो बहुधा खांद्याजवळ, मनगटाच्या वर किंवा गुडघ्याभोवती होतो. सुरुवात अगदी साधी. पळून आल्यावर जरा लंगडतो, दोन दिवस गोळी दिली की बरा. मग पुन्हा. आतून हाड पोखरले जात असते आणि एके दिवशी नुसत्या उडीने मोडते. किंकाळी तेव्हा फुटते, आधीचे दोन महिने तो मुकाट्याने सोसत असतो.

एकाच पायाने दोन आठवड्यांपेक्षा जास्त लंगडत असेल तर त्या पायाचा एक्स-रे काढावा. गोळीने बरे वाटत असले तरी काढावा. इथे एक्स-रे खरेच उपयोगी पडतो. रोग निघाला तर पाय काढून टाकणे आणि केमोथेरपी हा नेहमीचा मार्ग. त्यानंतर निम्मे कुत्रे सुमारे दहा-बारा महिने किंवा त्याहून जास्त जगतात, नुसता पाय काढला तर चार-पाच महिने. घरच्यांना पाय काढण्याची कल्पना सोसत नाही. कुत्रा मात्र तीन पायांवर काही दिवसांतच सरावतो, कारण जो पाय गेला तो त्याला आधीपासूनच छळत होता. चौथा मजला, लिफ्ट नाही, दोघेही नोकरीवर, अशा घरात हा निर्णय सोपा नसतो, आणि वेदना थांबवून थोडे दिवस बरे काढणे निवडणाऱ्यांना दोष देण्यासारखे काही नाही.

घरातली गोळी नको

रात्री कुत्रा किंचाळला की हात आपसूक औषधाच्या डब्याकडे जातो. तिथे असते ती पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बिघडते. पॅरासिटामॉलचे प्रमाण चुकले तर यकृत. (डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ मध्ये भारतात बंदी आली ती गिधाडांमुळे, औषध दिलेली मेलेली गुरे खाऊन गिधाडे मरत होती.) कुत्र्यांसाठी मेलोक्सिकॅम, कार्प्रोफेनसारखी वेदनाशामके आहेत, पण मात्रा वजनावर आणि मूत्रपिंडावर ठरते. स्टेरॉइड आणि हे वेदनाशामक एकाच वेळी दिले तर पोट फाटू शकते. म्हणून आधीच्या दवाखान्यात काय टोचले ते नव्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. निदान होण्याआधी दिलेले स्टेरॉइड आणखी एक घोळ करते. कुत्रा दोन दिवस टवटवीत होतो आणि खरा रोग झाकला जातो.

परळपर्यंत

कुर्ल्याहून परळ म्हणजे लोकलची चार स्थानके, पण तीस किलोचा दुखरा ग्रेहाऊंड घेऊन ती चार स्थानके मोजायची नसतात. रिक्षा शीवच्या पुढे जात नाही. तिथे उतरवून टॅक्सीत चढवायचे म्हणजे दुखऱ्या मानेला दोन जास्तीच्या उड्या, म्हणून सुरुवातीपासूनच टॅक्सी केलेली बरी. कुत्र्याला उचलताना एक हात छातीखाली आणि एक मांड्यांमागे, पाठ सरळ. पोटाखालून उचलले की कंबर वाकते. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, जुन्या मुंबईकरांचे ‘बैलघोडा हॉस्पिटल’. ते चालवणारी संस्था १८७४ ची, शेजारचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. त्यामागचा प्रसंगही दुखऱ्या पायाचाच. रतन टाटा यांनी आपल्या कुत्र्याला सांधा बदलण्यासाठी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात नेले होते. तोवर उशीर झाला होता आणि डॉक्टरांना तो सांधा एका स्थितीत पक्का करावा लागला, असे त्यांनी नंतर सांगितले होते.

दवाखान्यात जाताना बरोबर न्यायची सर्वात उपयोगी वस्तू म्हणजे मोबाइल. टेबलावर पुतळा होणारा कुत्रा घरात कसा चालतो, कसा उठतो, किंकाळीच्या वेळी मान कुठे होती, हे वीस सेकंदांच्या व्हिडिओत दिसते. एक बाजूने चालताना, एक समोरून, एक जिन्यावर. किंकाळी टिपता आली तर उत्तमच, पण ती येण्याची वाट पाहत कुत्र्याला मुद्दाम वळवून पाहू नये. आणि एक वही. दुखणे मोजण्यासाठी ग्लासगो विद्यापीठाने तयार केलेली प्रश्नावली पशुवैद्य वापरतात. तिच्यातही आवाज, चाल, स्पर्शाला प्रतिसाद, बसण्याची ढब, वागणूक याच गोष्टी विचारलेल्या असतात. घरच्या वहीत तेवढे पुरते: तारीख, वेळ, आधी काय करत होता, कोणत्या जमिनीवर, किती वेळ टिकले, खाल्ले का. महिन्याभराने ती वही उघडली की डॉक्टरांना दिसते की बाराच्या बारा किंकाळ्या उठताना किंवा मान खाली घालताना आल्या, मैदानात एकही नाही, आणि जेवणाचे भांडे स्टुलावर ठेवल्यापासून सकाळच्या थांबल्या.